‘ब्राउझरातला कन्व्हर्टर पुरे’ म्हणणाऱ्यांनी आधी बिट किती ते सांगा

शिरोलीचा_फर्मवेअर:
काल इथं एका भावानं लिहिलं, ‘ब्राउझरात हेक्स टाकायचं, डेसिमल घ्यायचं. डीबगिंगसाठी वेगळा कॅल्क्युलेटर शोधणं ही नुसती हौस.’ खाली पोरांनी अंगठ्यांची रांग लावलीय. नवीन पोरं हे वाचून तसंच करणार आणि रात्री दोनला फोन मला येणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

हेक्स म्हणजे १६ च्या पायावर लिहिलेला आकडा, ० ते ९ आणि पुढं ए ते एफ. डेसिमल म्हणजे आपला रोजचा, दहाच्या पायाचा. डीबगिंग म्हणजे प्रोग्रॅमातली चूक शोधणं. आता एफएफएफ६ म्हणजे किती? कन्व्हर्टर सांगतो ६५५२६. माझ्या शीतगृहाच्या सेन्सरवर त्याचा अर्थ उणे १०. १६ बिट, म्हणजे ०-१ च्या १६ जागा, आणि साइन्ड, म्हणजे उणे आकडेही धरणारा, एवढं ठरल्याशिवाय त्या चार अक्षरांना काडीची किंमत नाही. ३२ बिटांच्या रकान्यात तोच आकडा खरोखर ६५५२६ असतो. म्हणून माझी एकच अट आहे. जो कॅल्क्युलेटर मला रुंदी, म्हणजे बिट किती ते, ठरवू देत नाही, तो डीबगिंगला घ्यायचा नाही.

एचपी-१६सी हा प्रोग्रॅमरांसाठीचा कॅल्क्युलेटर १९८२ साली आला. तेव्हाच त्यात ६४ बिटांपर्यंत हवी ती रुंदी लावता यायची, उणे आकडा वन्स कॉम्प्लिमेंटनं लिहायचा, टूज कॉम्प्लिमेंटनं, की अनसाइन्ड म्हणजे उणे नकोच, ते निवडता यायचं, कॅरी म्हणजे हातचा आला की पडद्यावर वेगळी खूण दिसायची. १९८९ ला तो बंद झाला. मी त्याच धाटणीचा स्विस मायक्रोजचा डीएम१६एल वापरतो. पॅनेलवर चढताना खिशात बसतो, बॅटरी महिनोन् महिने बघावी लागत नाही.

राजारामपुरी_पायथन:
दादा, रुंदीचा मुद्दा कबूल. पण त्यासाठी परदेशातून यंत्र मागवायचं? टर्मिनल उघडा, पायथन सुरू करा, काम झालं. आणि खरं सांगू का, जीडीबीत, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून आत बघायच्या डीबगरमध्ये, ‘पी स्लॅश एक्स’, ‘पी स्लॅश टी’ मारलं की हेक्स, बायनरी (नुसते ० आणि १) समोर येतं. व्हेरिएबल साइन्ड आहे की नाही, किती बाइटचं (एक बाइट म्हणजे आठ बिट) आहे, हे डीबगरला आधीच ठाऊक असतं. कॅल्क्युलेटरला ते तुम्ही सांगायचं, आणि सांगताना माणूस चुकतो. मेमरीतला आकडा डोळ्यांनी वाचून दुसऱ्या यंत्रात टाइप करणं हीच मुळात चुकीची सवय.

शिरोलीचा_फर्मवेअर:
पायथनमध्ये एफएफचे बिट उलटे करून बघा, १ चा ० आणि ० चा १. उत्तर येतं उणे २५६. आठ बिटांत ते शून्य यायला पाहिजे. पायथनच्या पूर्णांकाला रुंदीच नाही, तो हवा तेवढा वाढत जातो. प्रत्येक वेळी मागं एफएफचा मास्क लावून खालचे आठ बिट तेवढे ठेवायचे, आणि एकदा विसरलात की दुपार गेली. आणि जीडीबी म्हणताय, तो कुठं चालवायचा? गिऱ्हाइकाच्या पॅनेलमध्ये आतला कोडच आपल्याकडं नसतो. दोन तारा आणि त्यावरून मॉडबसचे (यंत्रांनी आपसात बोलायची ठरलेली पद्धत) बाइट, एवढंच हातात असतं.

दूध_संकलन:
मी कन्व्हर्टरवर बोलणार, कारण त्यानं माझे दोन दिवस खाल्लेत. आमच्या भागातल्या एका संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर मी सांभाळायचो. शेतकऱ्याच्या कार्डाचा नंबर ६४ बिटांचा. तक्रार आली की एका बाईंचं दूध शेजारच्याच्या खात्यावर पडतंय. मी दोन्ही कार्डांचे हेक्स नंबर ब्राउझरातल्या कन्व्हर्टरमध्ये टाकले, दोन्हींचं डेसिमल एकच आलं. म्हटलं, कार्डच डुप्लिकेट छापलंय. छापणाऱ्याशी भांडलो, नको ते बोललो.

कार्डं वेगळीच होती. वेब पानं ज्या भाषेत चालतात त्या जावास्क्रिप्टचा नेहमीचा आकडा २ च्या ५३व्या घातापर्यंतच एकेक पूर्णांक वेगळा ओळखतो. ९००७१९९२५४७४०९९३ टाका, तो ९००७१९९२५४७४०९९२ करून ठेवतो. आमच्या वेब पानात हीच चूक होती आणि ज्या कन्व्हर्टरवर मी तपासत होतो त्यातही हीच. आजारी माणसाला ताप मोजायला मोडका थर्मामीटर. त्या बाई दोन दिवस रोज सकाळी कॅन घेऊन केंद्रावर यायच्या आणि ‘माझं झालं का?’ एवढंच विचारायच्या. छापणाऱ्याची मी माफी मागितली, पण तो माणूस आजही नीट बोलत नाही.

कागल_एमआयडीसी:
विंडोजचा कॅल्क्युलेटर कुणी उघडतच नाही का? प्रोग्रॅमर मोडमध्ये क्यूवर्ड, डीवर्ड, वर्ड, बाइट अशी (६४, ३२, १६, ८ बिट) रुंदी बदलता येते. वर्ड करून एफएफएफ६ टाकलं की डेसिमलच्या ओळीत उणे १० दिसतं. एकेका बिटावर क्लिक करून तो चालू-बंद करता येतो. ६४ बिटांचा आकडा गोल करत नाही. २०१९ पासून त्याचा सोर्ससुद्धा खुला आहे. फुकट, मशिनीत आधीच बसवलेला. शिरोलीकर, तुमचं यंत्र भारी असेल, पण पोरांना परवडणारं सांगा.

तिसरं_वर्ष:
सर, आमच्याकडं कॅसिओ ९९१ एमएस आहे, परीक्षेला तोच. त्यात १०२४ टाकून बायनरी दाबलं की एरर येते. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, ‘हातानं कर.’ कारण कुणी सांगितलं नाही.

कागल_एमआयडीसी:
त्या मॉडेलवर बायनरीला दहाच अंक मिळतात, त्यातला पहिला चिन्हाचा. म्हणजे वर ५११ पर्यंत. हेक्स मात्र त्याच यंत्रावर ३२ बिटांचं. एकाच डबीत दोन मापं आहेत, हे ध्यानात ठेव.

शाहूपुरी_गूळपेठ:
मास्तर बरोबर म्हणाले! हातानं कर. मला तुमच्या सगळ्या यंत्रांचा राग याचसाठी येतो. माझे आजोबा गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते, चौथी शिकलेले. १६ आण्यांचा रुपया, १६ छटाकांचा शेर. साडेतीन रुपये म्हटलं की तोंडातून ५६ आणे बाहेर पडायचे. तीन रुपये आठ आणे. आता ५६ हेक्समध्ये लिहा. ३८! डावीकडं रुपये, उजवीकडं आणे. त्यांनी आयुष्यभर हेक्समध्येच हिशेब केला, फक्त कुणी तसं नाव दिलं नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असणाऱ्या माणसाला कन्व्हर्टर लागत नाही. आपण पाढे सोडले आणि मग बटणं शोधत बसलो.

राजारामपुरी_पायथन:
काका, आदरानं सांगतो, पण विषय भलतीकडं चाललाय. आण्यात उणे आकडा चिन्हाच्या बिटानं लिहीत होते का? आकडा जागेत न मावून ओव्हरफ्लो व्हायचा का? दर वेळी ‘आपल्या पूर्वजांना सगळं येत होतं’ म्हणायचं आणि पोरांना रात्रभर भागाकार करत बसवायचं. मी चार वर्षं वहीत बायनरी भागाकार केले. पहिल्या नोकरीत डीबगर कसा लावायचा हे माहीत नव्हतं म्हणून सगळ्यांसमोर ऐकून घेतलं. ते मी विसरलो नाही.

शाहूपुरी_गूळपेठ:
पूर्वजांना सगळं येत होतं असं मी कुठं म्हटलं? पुन्हा वाच. माझ्या आजोबांना १६ चा पाढा येत होता आणि तुला येत नाही, एवढंच म्हटलं. आणि विषय भलतीकडं नाहीच. चार आणे म्हणजे ०.२५, आठ आणे म्हणजे ०.५. दोन्ही बायनरीत नेमके बसतात. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि दहा पैसे आले. ०.१ बायनरीत कधीच संपत नाही. बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये पैशाचा फरक येतो तो तिथून. ज्यानं पावकी-निमकी घोकलीय त्याला ‘हा भाग तुटतो, हा तुटत नाही’ हे बोटांना कळतं.

दूध_संकलन:
दहा पैशाचं काका बरोबर बोलले. १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानला येणारं क्षेपणास्त्र अडवताना अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा हुकली ती याच ०.१ पायी. घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होतं आणि ०.१ हा आकडा २४ बिटांत कापलेला. १०० तास सलग चालल्यावर साधारण ०.३४ सेकंदांचा फरक साठला. २८ सैनिक गेले. तिथं कुठला कॅल्क्युलेटर होता हा प्रश्नच नव्हता, १०० तासांनी आकडा कुठं जाईल हे कुणी मोजून बघितलं नाही.

राजारामपुरी_पायथन:
ठीक आहे, ०.१ चं मान्य. पण पाढ्यांनी हे सापडलं असतं हे मान्य नाही. ते चालवून, मोजून सापडतं.

शाहूपुरी_गूळपेठ:
तू काही मान्य करू नकोस. २० पर्यंतच्या पाढ्यांची वही तरी घरात आहे का बघ.

शिरोलीचा_फर्मवेअर:
दोघंही थांबा आता. मला एक कबूल करायचंय, आणि ते मला जड जातंय. मागच्या पावसाळ्यात एका फौंड्रीत भट्टीचा पायरोमीटर, म्हणजे तापमान मोजायचं यंत्र, जोडत होतो. धातू १४५० अंशांवर, लॅडल (धातू ओतून घ्यायचं भांडं) खाली लागलेली, ओतणारी माणसं उभी, आणि माझ्या पडद्यावर २.००४. दोन रजिस्टरं, म्हणजे १६-१६ बिटांचे दोन हेक्स आकडे, येत होती, ४००० आणि ४४बी५. डीएम१६एल हातात होता. हवं ते बिट उलटंसुलटं केलं, काही लागेना, कारण तो आकडा पूर्णांक नव्हताच. ३२ बिटांचा फ्लोट, म्हणजे दशांशचिन्हवाला आकडा, होता आणि त्याचे १६-१६ बिटांचे दोन तुकडे उलट क्रमानं येत होते. माझं यंत्र त्या जातीचा फ्लोट वाचत नाही. कागलकर, तुमचा विंडोजवालाही वाचत नाही.

बरोबरच्या पोरानं लॅपटॉपवर पायथनचं स्ट्रक्ट, म्हणजे बाइटांचा हवा तसा आकडा करून देणारं साधन, वापरलं. आधी ४४बी५, मग ४०००. उत्तर १४५०. एका ओळीत. उलट लावलं की २.००४, अगदी पडद्यावरचंच. मी गप्प बसलो. तेव्हा राजारामपुरी, फ्लोट आला की तुमचं पायथन. हे लिहून देतो.

राजारामपुरी_पायथन:
आणि भट्टीपाशी लॅपटॉप उघडायचा म्हणजे धूळ, उष्णता, चार्जिंग. तिथं खिशातलं यंत्र लागतं, हे मीही लिहून देतो. पण ऑफिसात बसून तेच वापरायचा हट्ट नको.

तिसरं_वर्ष:
मग मी काय घेऊ? पैसे नाहीत.

कागल_एमआयडीसी:
काही घेऊ नकोस. विंडोजचा उघड, प्रोग्रॅमर मोड लाव, आणि आकडा टाकायच्या आधी रुंदी बदल. आकडा टाकल्यावर नाही, आधी.

शाहूपुरी_गूळपेठ:
आणि १६ चा पाढा पाठ कर. सोळा सोळे दोनशे छप्पन. एका बाइटात तेवढेच आकडे बसतात.

कालची_पोस्ट_माझी:
ती पोस्ट मी टाकली होती. सकाळपासून वाचतोय. मी वेबसाइटी करतो, माझ्या कामात रंगांचे हेक्स कोड येतात, त्याला कन्व्हर्टर पुरतो आणि पुरणारच. त्यात हौस म्हटल्याचं मागं घेत नाही. पण दूधवाल्या भावाचा तो १६ आकडी नंबर मी रोजच्या कन्व्हर्टरमध्ये टाकून बघितला. शेवटी ३ टाकला, हेक्समध्ये नेला, परत आणला. २ आला. तीनदा टाकला, तीनदा २.

दूध_संकलन:
आता गेल्या वर्षभरात त्यावर काय काय तपासलंय ते आठव.