विषय: हप्ते थकलेत, आधी कोणाचे भरू?

मंडळाच्या सचिवांमार्फत पाठवतोय, नाव देत नाही. राग नसावा.

एमएस्सी सप्टेंबरात संपली. आता ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर इथं काम करायचा) इंग्लंडात लेस्टरला गोदामात आहे, पण शिफ्ट निम्म्यावर आल्यात. दोन क्रेडिट कार्डांचे मिळून 3,200 पौंड, ‘आता घ्या, नंतर द्या’वाल्या अ‍ॅपचे 240, भारतातलं शैक्षणिक कर्ज 18 लाख (बाबांचा सांगलीतला फ्लॅट तारण) आणि वर कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या पालिकेच्या घरपट्टीचं, पत्र. कार्डवाले दिवसाला चार-पाच फोन करतात, म्हणून हातात येईल ते त्यांनाच देतो. कौन्सिल निदान फोन तरी करत नाही.

---

अरे, इथंच चुकतंय तुझं. मी आठवड्यातून एक दिवस सल्ला केंद्रात बसते, निम्मे लोक हेच करतात: जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे.

कार्ड आणि ते अ‍ॅप ही बिनतारणी कर्जं. थकली तर आधी डिफॉल्टची नोटीस येते, क्रेडिट फाइलवर 6 वर्षं डाग राहतो, पुढे काउंटी कोर्टात दावा होऊ शकतो. तो कागद आला तर मात्र 14 दिवसांत उत्तर दे, कपाटात टाकू नकोस. पण कार्डाच्या थकबाकीसाठी इथं तुरुंगात घालत नाहीत. ‘फोन नको, पत्र पाठवा’ असं त्यांना लिहून कळव.

कौन्सिल गप्प असते आणि थेट कापते. स्मरणपत्र आल्यावर 7 दिवसांत भरलं नाहीस, तर हप्त्यांची सवलत जाऊन अख्ख्या वर्षाची रक्कम एकदम मागतात. मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचा आदेश, आणि त्यावर पगारातून कपात नाहीतर बेलिफ (दारात येऊन वसुली, जप्ती करणारा). शिकत होतास तोवर माफी होती, ती कोर्सबरोबर संपली. एकटा राहत असशील तर 25 टक्के सूट माग, ती व्हिसाला चालते. कमी उत्पन्नवाली कौन्सिल टॅक्स सवलत मात्र सरकारी मदतीत मोडते, तुझ्या व्हिसावर ती घ्यायची नाही.

आधी भाडं, वीज-गॅस, कौन्सिल. उरेल ते कार्डाला. स्टेपचेंज किंवा नॅशनल डेटलाइनला फोन कर, दोन्हीकडे सल्ला फुकट. ‘ब्रीदिंग स्पेस’ मिळाली तर 60 दिवस इथल्या बहुतेक थकबाकीवरचं व्याज आणि वसुली थांबते. कर्ज मिटवून देतो म्हणून फी मागणाऱ्याच्या नादी लागू नकोस.

---

ताईंच्या बेलिफवरून आठवलं. 2016 साली आमच्या दारात एक आला होता. बाहेर पाऊस, म्हटलं या आत, चहा घ्या. आपल्याकडे दारात आलेल्याला तसंच परत पाठवतात का! गृहस्थाने चहा घेता घेता टीव्ही, सोफा, लॅपटॉप सगळं यादीत लिहिलं आणि माझी सही घेतली. नंतर कळलं, कौन्सिल टॅक्सपायी पहिल्या खेपेला दार फोडून त्याला आत येता येत नाही, पण एकदा आपणच घरात घेऊन सही केली की, ठरलेलं भरलं नाही तर पुढच्या वेळी जबरदस्तीनंही येऊ शकतो. बायको अजून म्हणते, बिस्किटं पण दिली होतीत. तेव्हा बाळा, दार लावून, खिडकीतून बोल.

---

मी पुण्यात बँकेतून निवृत्त झालो, सध्या मुलीकडे आलोय. तुझ्या यादीतलं खरं भारी कर्ज तिसरं आहे. 90 दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. मग सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस आणि त्यानंतर कोर्टात न जाता बँक तारणाचा ताबा घेऊ शकते. इथली ब्रीदिंग स्पेस सांगलीत उपयोगाची नाही. बाबा सहकर्जदार असणारच, म्हणजे सिबिल त्यांचंही बिघडणार. खातं एनपीए होण्याआधी शाखेला ईमेल कर, पगाराच्या स्लिपा जोड, हप्ता कमी करून मुदत वाढवून माग. आमच्याकडे आधी येऊन बोलणाऱ्याचं काही ना काही निघायचं. नोटीस गेल्यावर फाइल शाखेच्या हातात राहत नाही.

आणि ती नोटीस पोस्टमन बाबांच्या हातात देईल. त्यांना ते तुझ्याकडून कळू दे.

---

काका, ताई, दादा, आभार. कौन्सिलला फोन लावला. 40 मिनिटं होल्डवरची पेटी वाजली, मग बाई चांगली निघाली. एकट्याची सूट लागेल म्हणाली, थकलेलं तीन हप्त्यांत करून दिलं. बँकेला ईमेल गेला. कार्डवाल्यांचा फोन आत्ताही वाजतोय.

बाबांना आज करणार होतो, पण तिकडे साडेअकरा वाजून गेलेत. सकाळी करतो, ते फिरून आले की.