फुटपाथवर पळस? आधी मुळं बघा

रानवाट: परवा इथेच कुणीतरी ठोकून दिलं, 'गुलमोहर, पर्जन्यवृक्ष परदेशी. उपटा आणि मुंबईभर पळस लावा.' उपटायला ती कोथिंबीर आहे का? १९७५ चा वृक्ष कायदा आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. पळसाचं सोटमूळ खोल जातं. पिशवीत दोन वर्षं ठेवलेल्या रोपाचं मूळ तळाशी गुंडाळतं, लावल्यावर ते तिथेच खुरटतं. फेब्रुवारी-मार्चात पानं गळालेली असतात; फुलं बघून घ्या, सावली नाही.

आरेकर: मग पिशवीत वाढवता कशाला? थेट बी लावा. शेंग चपटी, टोकाला एकच बी. मे-जूनमध्ये गळतात, त्याच सालचं बी घ्या, जुनं उगवत नाही. पेरभरही खोल नको. पाऊस लागला की पंधरवड्यात कोंब.

रानवाट: पेव्हर ब्लॉकखाली? आधी मूळ वाढतं, वरचं रोप गुडघ्याला यायलाच वर्षं जातात. तोवर त्यावर स्कूटर उभी असेल.

केशरपाणी: तुमचं चालू द्या. होळीच्या रंगासाठी सांगते: पळसाची शंभर ग्रॅम सुकी फुलं दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी वीस मिनिटं उकळा, गाळा. चुना घातला की गडद केशरी.

दादरकर: चुना? अंगावर उडवायच्या पाण्यात? तुरटी घाला हो!

केशरपाणी: तुरटीने पिवळा होतो. आणि चुना म्हणजे डबीतला गोळा नव्हे, वरची निवळी, चमचाभर.

दादरकर: निवळीही डोळ्यांत झोंबतेच. रंग मळकट येतो तो फुलं देठासकट उकळल्याने. फुलाच्या बुडाशी काळपट मखमली टोपी असते, ती आधी खुडा. आणि वाळवा सावलीत.

आरेकर: फांद्या ओरबाडू नका एवढं बघा. शिंजीर, मैना मधासाठी येतात आणि परागीकरणही करतात. खाली पडलेली फुलं पुरतात.

रानवाट: मूळ प्रश्न होळीत वाहून गेला. असो. मैदानाच्या कडेला, बोरीवलीच्या उतारावर खुशाल पळस लावा, पाणी साचलं तरी तो तगतो. फुटपाथवर करंज किंवा ताम्हण.

आरेकर: ताम्हणही पानं गाळतं, साहेब.

रानवाट: गाळतं. झालं समाधान? पण बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवा, नाहीतर तेही जगणार नाही.

केशरपाणी: कापड रंगवायचं असेल तर मात्र दादरकरांची तुरटीच. तिच्याशिवाय रंग धरत नाही. अंगासाठी नाही म्हणजे नाही.