मदत हवी आहे: कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात रात्री लागणारी धाप

वडील ७४ वर्षांचे, फुप्फुसाचा कर्करोग. केमो बंद केली आहे, पुण्यात घरीच आहेत. रात्री दोनच्या सुमारास धाप लागते, घाबरून उठून बसतात, हात सोडत नाहीत. ऑक्सिमीटर ९४ दाखवतो, म्हणून ऑक्सिजन नको असं डॉक्टर म्हणतात. मॉर्फिन लिहून दिलंय, पण द्यायला घरात सगळे बिचकतात. मेहुणे म्हणतात कपालभाती करून घ्या. काय करावं?

प्रतिसाद १
कपालभाती, भस्त्रिका, कुंभक यातलं काहीही नको. दमलेल्या छातीला जोर लावायला लावलं की धाप वाढते, धापेने भीती वाढते आणि भीतीने पुन्हा धाप.

आधी बसवण्याची पद्धत बघा. नुसत्या उशा रचल्या तर माणूस तासाभरात खाली घसरतो, पोट छातीवर दाबलं जातं. मांड्यांखाली एक उशी सरकवा, म्हणजे घसरणार नाहीत. धाप लागली की समोर स्टूल, त्यावर दोन उशा, त्यावर हात टेकवून पुढे झुकवा. मग हातात धरायचा छोटा पंखा चेहऱ्यापासून वीतभर लांब धरून नाक आणि वरच्या ओठावर वारा द्या, पाच-दहा मिनिटं. प्राणवायू पुरेसा असताना या वाऱ्याने बऱ्याचदा ऑक्सिजनइतकाच आराम पडतो.

श्वास मोजायला लावू नका. त्यांच्या पाठीवर हात ठेवून तुम्हीच ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडा, त्यांचा श्वास हळूहळू तुमच्या लयीत येतो. आणि उदबत्ती, धूप त्या खोलीत नको.

प्रतिसाद २
मॉर्फिनबद्दल. धापेसाठी डोस अगदी लहान असतो, बहुधा अडीच मिलिग्रॅमपासून सुरुवात. ठरलेल्या मात्रेत दिलं तर श्वास थांबत नाही आणि या अवस्थेत व्यसनाची धास्ती बाळगायचं कारण नाही. खरा त्रास बद्धकोष्ठतेचा. रेचक पहिल्या दिवसापासून हवं, कारण मळ साठला की पोट फुगून धाप आणखी वाढते. मळमळ तीन-चार दिवसांत बसते. 'एसआर' (औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली गोळी कधीही कुटू नका, बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. हाक मारूनही जाग येत नसेल किंवा हातपाय झटके देत असतील तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे आधीच सांगून ठेवा.

धागाकर्ती
खूप आभार. दोन दिवस घास जात नाही. सलाइन लावू का? आणि घशात घरघर होते, ती ऐकवत नाही.

प्रतिसाद ३
ताई, शरीर मिटत आलं की भूक आपोआप जाते. आता सलाइन लावलं तर ते पाणी छातीत आणि पायांत साचतं, घरघर वाढते. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच ठेवा. स्राव कमी करणारं इंजेक्शन डॉक्टरांना विचारा, सक्शन (नळीने स्राव ओढून काढणं) मात्र टाळा, घसा सोलवटतो. घरघरीचा त्रास जवळच्यांना होतो तेवढा बहुधा त्यांना होत नसतो.

दर दोन तासांनी ओल्या बोळ्याने जीभ आणि हिरड्या पुसा, ओठांना व्हॅसलीन लावा. गंगाजल द्यायचं असेल तर चमच्याने ओतू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जाईल. तुळशीचं पान त्यात बुडवून ओठांवरून फिरवा. बोलत राहा, ऐकू येत असण्याची शक्यता असते.

पुण्यातच वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करण्याचं काम करतं. तिथे उद्या सकाळीच फोन करा.