प्रशिक्षणाचे तास मोजून नगरपरिषदेचे काम सुधारेल का?

मूळ मांडणी : नगरपरिषद लेखा संवर्गातील अधिकारी

केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2020 रोजी मिशन कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्षमतावृद्धीच्या कार्यक्रमाला मंजुरी दिली आणि त्यांचे प्रशिक्षण हळूहळू मोबाइलवर आले. त्यासाठीच्या आयगॉट कर्मयोगी या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम पूर्ण करावेत, त्यांचे तास नोंदवावेत आणि ते तास वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालाशी व पुढे पदोन्नतीशी जोडावेत, असा आग्रह आता नगरपरिषदांच्या वर्तुळातही धरला जातो. या अभ्यासक्रमांना माझा विरोध नाही. त्यांतले काही मी स्वतः आवडीने पूर्ण केले आहेत. विरोध आहे तो तासांची पदोन्नतीशी सांगड घालण्याला, कारण जे मोजले जाते तेच कार्यालयात केले जाते, आणि तास मोजले तर आपल्याला तासच मिळतील.

मी ज्या कामातला आहे त्याचेच उदाहरण देतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी नागरी संस्थांना अनुदान देताना अट घातली की मागील वर्षाचे तात्पुरते लेखे आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित लेखे जनतेला पाहता येतील अशा रीतीने ऑनलाइन प्रसिद्ध झालेले असले पाहिजेत. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांसाठी या अनुदानाचा 60 टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधील होता. म्हणजे लेखा शाखेतल्या एखाद्या लिपिकाला बँक ताळमेळ, म्हणजे वहीतली आणि बँकेतली शिल्लक जुळवणे, जमला नाही, तर त्याचा परिणाम थेट गावाच्या जलवाहिनीपर्यंत पोहोचतो. असे असूनही अनेक नगरपरिषदांत द्विनोंदी लेख्यांचे (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन बाजूंनी लिहिण्याचे) काम बाहेरच्या सनदी लेखापालांकडे दिलेले असते; ते वर्षाअखेरीस येतात, वह्या नेतात, ताळेबंद आणून देतात, आणि त्यातली एकही नोंद कशी झाली हे आपल्या माणसाला सांगता येत नाही.

माझी पहिली नेमणूक एका ‘क’ वर्ग नगरपरिषदेत झाली, तेव्हा रोकडवहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक यांत मोठा फरक होता. प्रत्येक योजनेचे खाते वेगळे, काही धनादेश वटलेलेच नाहीत, काही ठिकाणी बँकेने जमा केलेले व्याज आपल्या वहीत आलेलेच नाही. निवृत्तीला काही महिने राहिलेले एक वरिष्ठ लिपिक रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसत. एकेक खाते, एकेक महिना घेऊन त्यांनी मला ताळमेळ शिकवला. पंधरवडाभर चाललेल्या त्या शिकवणीची कुठेही नोंद नाही, आणि आजवर मी जे काही काम नीट केले ते तिच्या आधारावर केले. असे शेजारी बसून शिकवणे हेच अधिकृत प्रशिक्षण मानावे, त्यातून पूर्ण झालेले काम मोजावे आणि पदोन्नतीच्या वेळी तेच पाहावे, असे मला वाटते.

उत्तर 1 : कर निरीक्षक, एक नगरपंचायत

सर, आपल्याला शेजारी बसणारे लिपिक भेटले. मला कोणीही भेटले नाही, आणि माझ्यासारखे अनेकजण आहेत.

मी रुजू झाले ती नगरपंचायत काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायत होती. ग्रामपंचायतीकडून सामावून घेतलेले कर्मचारी प्रामाणिक होते, कष्टाळू होते, परंतु त्यांचा हात नमुना 8 च्या आकारणी नोंदवहीवर बसलेला होता. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाखाली चतुर्थ वार्षिक आकारणी, म्हणजे मालमत्ता कराची दर चार वर्षांची फेरआकारणी, कशी करायची, ज्यावर कर बसतो ते वार्षिक करयोग्य मूल्य कसे ठरवायचे, प्रारूप यादी प्रसिद्ध करून हरकती कशा मागवायच्या आणि त्यांची सुनावणी कोणासमोर घ्यायची, हे त्या इमारतीत एकाही माणसाने कधी केलेले नव्हते. ज्या कार्यालयात जाणकारच नाही, तिथे ‘शेजारी बसून शिका’ या सल्ल्याचा उपयोग कोणता? मी अधिनियम वाचून आणि रात्री घरी ध्वनिचित्रफिती पाहून शिकले. त्या अपुऱ्या होत्या हे मान्य आहे, पण त्या नसत्या तर हाती काहीच नसते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. दोन वेळा मला प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी बोलावणे आले आणि दोन्ही वेळा मला कार्यमुक्त केले गेले नाही. एकदा वसुलीचा मार्च महिना होता, एकदा मतदारयाद्यांचे काम होते. तेव्हा मुख्याधिकारी साहेबांच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच केले असते, कारण तीन माणसांच्या शाखेतून एक जण गेला की खिडकी बंद होते. तासांची सक्ती असेल तर निदान माझ्या हाती कागद असतो की हे माझे सेवाविषयक कर्तव्य आहे आणि त्यासाठी मला वेळ मिळालाच पाहिजे. वरिष्ठांना सक्ती जाचक वाटत असली तरी कनिष्ठांना ती संरक्षण देते, हे आपल्या मांडणीत आलेले नाही.

उत्तर 2 : निवृत्त मुख्याधिकारी

मॅडमचे म्हणणे मला पटते आणि मूळ मांडणीतली काळजीही पटते, पण दोघांनीही बदलीचा विषय सोडला आहे. 2005 च्या बदल्यांच्या अधिनियमात सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा आहे. माझ्या सेवाकाळात तो पुरा झाल्याचे प्रसंग मोजकेच, आणि त्यातही शेजारच्या नगरपरिषदेचा अतिरिक्त कार्यभार बहुतेक वेळा असायचाच. 2020 च्या अखेरीस बांधकाम परवानग्यांसाठीची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली, तेव्हा माझ्याकडच्या अभियंत्यांना ती समजावून घेण्यासाठी पाठवले. ते शिकून परत आले आणि पुढच्या पावसाळ्याआधी दोघांचीही बदली झाली. ते ज्ञान राज्यात कुठेतरी उपयोगी पडले असेल, परंतु ज्या गावाने त्यांच्या गैरहजेरीची गैरसोय सोसली त्या गावाला त्यातले काही मिळाले नाही.

आता तासांविषयी. मुंबईत 1926 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा स्थानिक स्वशासनाचा पदविका अभ्यासक्रम आमच्या पिढीने नोकरी सांभाळून पूर्ण केला. त्याच्या अखेरीस लेखी परीक्षा असे आणि तिच्यात नापास होता येत असे. या एका गोष्टीमुळे आम्ही अधिनियम कलमानुसार वाचला. पुढे एका सभेत नियमाबाहेरचा ठराव बहुमताने मंजूर झाला, तेव्हा तो थांबवण्यासाठी कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांना अहवाल कसा पाठवायचा, त्यात कोणते मुद्दे घ्यायचे आणि सभेशी संबंध न बिघडवता ते कसे लिहायचे, हे मला कोणाला विचारावे लागले नाही. म्हणून तास मोजू नयेत आणि नुसता अनुभवही मोजू नये. परीक्षा घ्यावी, आणि ती पुस्तक उघडे ठेवून लिहायची असावी, म्हणजे पाठांतराऐवजी नियम शोधून लागू करण्याची क्षमता तपासली जाईल.

उत्तर 3 : स्वच्छता निरीक्षक

परीक्षेचा आग्रह मला आमच्या कामाला लागू पडत नाही असे वाटते. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा आणि त्याखालचे नियम मी लेखी परीक्षेत बिनचूक लिहू शकेन. सुरक्षासाधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा आहे, हेही लिहू शकेन.

आता प्रत्यक्ष काय घडते ते सांगतो. हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु त्याचे प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि ‘आता वास गेला, उतरायला हरकत नाही’ असे वाटू लागते. नेमका तोच क्षण प्राणघातक असतो. ही माहिती मला एका ऑनलाइन अभ्यासक्रमातल्या दहा मिनिटांच्या चित्रफितीतून मिळाली, सेवेत येऊन बरीच वर्षे झाल्यावर. त्याआधी मी आणि माझे सफाई कामगार बंधू वासावरच विसंबून होतो. त्यामुळे या अभ्यासक्रमांना कोणी निरुपयोगी म्हटले तर मला ते सहन होत नाही.

तरीही चित्रफीत पाहिल्यानंतर मी वायूमापक मागितला आणि तो भांडारात नव्हता. तो खरेदी व्हायला बराच काळ गेला, आणि आल्यावर तो कसा वापरायचा, झाकण उघडल्यावर किती वेळ थांबायचे, टाकीत वर, मध्ये आणि तळाशी वेगवेगळे मापन का घ्यायचे, हे शेजारच्या महानगरपालिकेतल्या एका अनुभवी सहकाऱ्याने टाकीपाशी उभे राहून दाखवले. माझ्या खात्यात त्या चित्रफितीची नोंद आहे. टाकीपाशी घालवलेल्या त्या दुपारची नाही. ती असावी, एवढेच माझे मागणे आहे.

उत्तर 4 : माजी नगरसेविका

ही सगळी चर्चा अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांसाठी केलेली आहे, आणि म्हणून ती मला अपुरी वाटते. 2021-22 च्या सुमारास निवडून आलेल्या सभांच्या मुदती संपल्यापासून डिसेंबर 2025 मधल्या निवडणुकांपर्यंत बहुतेक नगरपरिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. या काळात सेवेत आलेल्या अनेकांनी निवडून आलेली सभा पाहिलेलीच नाही, आणि नव्याने निवडून आलेल्या अनेकांनी अंदाजपत्रक हातात घेतलेले नाही. या दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रशिक्षण दिले, तर एकाला नियम कळेल, दुसऱ्याला हक्क कळेल, आणि पहिल्याच सर्वसाधारण सभेत दोघे समोरासमोर उभे ठाकतील.

केरळमध्ये 1990 पासून ‘किला’ ही स्थानिक प्रशासनाची प्रशिक्षण संस्था आहे आणि ती अधिकारी व लोकप्रतिनिधी या दोघांनाही आपले विद्यार्थी मानते. 1996 मध्ये तिथे लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली, तेव्हा प्रतिनिधींना शिकवणे हा त्या मोहिमेचाच भाग होता. आपल्याकडे पुण्यात यशदा ही राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, तिथली माणसे चांगली आहेत, मीही एकदा तिथल्या वर्गाला बसले आहे. पण मी शिकलेले माझ्या मुख्याधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि ते शिकलेले मला. अंदाजपत्रकापूर्वी एक दिवस दोघांनी एकत्र बसून मागच्या वर्षीचा अखर्चित निधी ओळीओळीने पाहिला असता, तर माझ्या प्रभागातल्या शाळेच्या स्वच्छतागृहाचा निधी परत गेला नसता.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

कर निरीक्षक मॅडमचा मुद्दा मी मांडणीत धरला नव्हता, ही माझी चूक आहे. माझ्या बाजूला जाणता माणूस होता म्हणून मी तो सर्वत्र असतो असे गृहीत धरले. कार्यमुक्त होण्याचा हक्क मिळावा म्हणून तासांची किमान मर्यादा ठेवावी, हे मी मान्य करतो. मात्र ती मर्यादा कार्यालयावर बंधनकारक असावी, म्हणजे कर्मचाऱ्याला वेळ दिला नाही तर त्याचा जाब मुख्याधिकाऱ्यांना विचारला जावा. कर्मचाऱ्याच्या पदोन्नतीशी ती जोडण्याला माझा विरोध कायम आहे. आज कार्यमुक्त न केल्यामुळे तास भरले नाहीत, तर शिक्षा कार्यमुक्त न करणाऱ्याला होणार नाही, मॅडम, आपल्याला होईल.

निवृत्त मुख्याधिकारी साहेबांच्या परीक्षेच्या सूचनेवर मी एवढेच म्हणेन की लेखा, कर आणि बांधकाम परवानगी यांना ती लागू पडेल. स्वच्छता, अग्निशमन आणि पाणीपुरवठा यांना प्रात्यक्षिकच हवे. नगरसेविका ताईंचे म्हणणे तर्काने बरोबर आहे, पण एकत्र वर्ग सुरू होण्याची वाट पाहत आपण कर्मचाऱ्यांचा प्रश्न थांबवू नये.

उत्तर 5 : कर निरीक्षक, पुन्हा

जाब मुख्याधिकाऱ्यांना विचारावा हे मान्य. मग प्रश्न उरतो तो काम मोजण्याचा. ‘फेरआकारणी नीट केली’ किंवा ‘ताळमेळ पूर्ण केला’ हे प्रमाणित कोण करणार? माझ्याच कार्यालयातले वरिष्ठ करणार असतील, तर ज्याचे साहेबांशी जमते त्याचे काम नीट ठरेल. ऑनलाइन तासांना निदान कोणाची मर्जी लागत नाही. लहान कार्यालयात काम करणाऱ्या स्त्रीला ही गोष्ट किती मोलाची असते, हे मी अनुभवाने सांगते आहे.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

प्रमाणित करणारा त्याच कार्यालयातला नसावा. आपले संवर्ग राज्यस्तरीय आहेत, त्याचा उपयोग इथे करता येईल. शेजारच्या तालुक्यातल्या नगरपरिषदेतला त्याच संवर्गातला वरिष्ठ अधिकारी तिमाहीतून दोन दिवस यावा, त्याने शेजारी बसून शिकवावे आणि जाताना तपासावे. लेखा शाखेत तर मर्जीला जागाच नाही: प्रत्येक खात्याचे ताळमेळपत्रक आणि त्याला जोडलेला बँकेचा उतारा एकतर जुळतो किंवा जुळत नाही. आकारणीत नमुन्यादाखल काही मिळकती निवडून मोजमापे आणि सुनावणीचे आदेश पाहता येतील.

उत्तर 6 : निवृत्त मुख्याधिकारी

सूचना चांगली आहे. परंतु त्या दोन दिवसांत त्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या नगरपरिषदेतली देयके थांबतील, आणि तिथल्या मुख्याधिकाऱ्यांची पहिली हरकत तीच असेल. त्याचा प्रवासभत्ता पाठवणाऱ्या नगरपरिषदेने द्यायचा की बोलावणाऱ्या, आणि कोणत्या लेखाशीर्षातून, हेही आदेशात लिहिलेले नसेल तर पहिल्याच लेखापरीक्षणात आक्षेप येईल. आपण लेखा संवर्गातले आहात. या दोन गोष्टींसह प्रस्तावाचा मसुदा आपणच लिहावा. मी तो वाचून दुरुस्त्या सुचवीन.