आमच्या गोठ्यातली श्रद्धा शेजारच्या गोठ्यावर कायद्याने लादायची का?

करवीरकर

आमच्याकडे बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, दोनदा होतो. आईचं माहेर सीमेपलीकडचं, म्हणून आधी कर्नाटकी बेंदूर, मग आषाढात आपला. आमच्या बैलाला, सोन्याला, धुवायचं, शिंगं रंगवायची, पुरणपोळी भरवायची. सोन्या आता अठरा वर्षांचा आहे. दात झिजलेत, उसाचं वाडं बारीक कुट्टी करून पुढ्यात टाकावं लागतं. औताला जुंपून पाच वर्षं झाली. तरी तो आमच्याच दावणीला मरेल, कसायाकडे जाणार नाही. ही आमची श्रद्धा, आणि तिचा खर्च आम्ही करतो.

शेजारच्या काकूंचं तसं नाही. काका गेले. अर्धा एकर ऊस आणि एक म्हैस. दहा दिवसांनी येणाऱ्या दूध बिलावर घर चालतं. दावणीला म्हातारा बैल, तोही म्हशीइतकीच वैरण खातो. दोनदा पेठ वडगावच्या बाजाराला नेला, गिऱ्हाईक नाही म्हणून दोनदा टेम्पोचं भाडं अंगावर घेऊन परत आणला.

राज्याच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात गाय आधीच संरक्षित होती. बैल मात्र कामाचा उरला नाही असा दाखला मिळाला की कत्तलीला विकता यायचा. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूची कत्तलही बंद. कायदा मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद. माझ्या देव्हाऱ्यातली गोष्ट काकूंच्या वैरणीतून का वसूल करायची, हा माझा प्रश्न आहे. धर्म पाळायला माझी ना नाही, पण त्याची सक्ती पोलिसांकडून करून घ्यायची हे मला पटत नाही.

पन्हाळ्याचा पायथा

अजिबात पटलं नाही. प्रत्येक कायद्यामागं कुणाची ना कुणाची नीती असतेच. शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, १९२० साली देवदासी प्रथेविरुद्ध केला. त्या वेळी 'आमच्या श्रद्धेत हात घालू नका' म्हणणारे कमी होते का? महाराज थांबले नाहीत, म्हणून आज आपण त्यांच्या पाया पडतो. तुम्हाला आवडणारी नीती कायद्यात चालते, आमची चालत नाही, हा कुठला न्याय?

आणि गोरक्षण नुसती धर्माची बाब नाही. घटनेच्या ४८व्या कलमात आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं गुजरातचा बैलबंदीचा कायदा वैध ठरवला. म्हाताऱ्या बैलाचं शेणमूतसुद्धा शेतीला उपयोगी, हे त्या निकालात मान्य झालंय. एका काकूची अडचण खरी असेल, पण त्यासाठी सगळ्या राज्याचा कायदा चुकीचा म्हणायचा का?

करवीरकर

महाराजांचं नाव काढलंत ते बरं झालं, कारण मला वाटतं सगळा फरक तिथंच आहे. जोगतीण, म्हणजे देवदासी, होणाऱ्या पोरीला कुणी विचारलं नव्हतं. नवस आईबापाचा, आयुष्य तिचं. महाराजांच्या कायद्यानं तिला दुसऱ्याच्या नवसातून सोडवलं. विधवेला लग्न करायचं असेल तर वाट मोकळी केली, 'करच' म्हणून हुकूम सोडला नाही. २०१५ चा कायदा काकूंना कशातून सोडवतो? तो त्यांना माझ्या नवसात बांधतो.

शेणाचं म्हणाल तर या आमच्याकडं. शेणानं वैरणीचा खर्च निघत असता तर काकूंनी टेम्पो कशाला केला असता?

वकील, ताराराणी चौक

४८व्या कलमाबद्दल एवढंच. ते कलम घटनेत आलं ते शेती आणि पशुसंवर्धनाच्या नावानं. संविधान सभेत २४ नोव्हेंबर १९४८ ला आसामचे सदस्य सय्यद मुहम्मद सादुल्ला यांनी म्हटलं होतं की धर्माचं कारण असेल तर तसं उघड सांगा, अर्थकारणाच्या आडून नको. कलमात ते उघड आलं नाही आणि आजही तसं उघड बोललं जात नाही. बाकी, परराज्यात कापलेलं गोमांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये रद्द केलं. घरातल्या माणसाच्या ताटापर्यंत सरकारनं येऊ नये, असा त्याचा रोख. कत्तलबंदी मात्र कायम राहिली.

शिरोळची लेक

हेरवाड आमच्या तालुक्यातलं. मे २०२२ मध्ये ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांसाठी परिपत्रक काढलं. दंड नाही, कैद नाही.

माझ्या आत्याच्या बांगड्या दगडावर फोडल्या तेव्हा मी नववीत होते. मनगटात काच गेला होता, आणि बायका म्हणत होत्या, 'लवकर आटप गं.' त्या दिवशी दारात एखादा पोलीस उभा असता तर मला हवा होता. त्यामुळं 'समजावून सांगा, कायदा नको' हे मला सरसकट मान्य नाही. पण आता कुणी म्हणालं, विधवेनं कुंकू लावलंच पाहिजे असा कायदा करा, तर मी त्याच्याही विरोधात उभी राहीन. आत्या आजही लावत नाही. तिची इच्छा.

हातकणंगलेकर

मी जैन, शेतकरी. तुम्ही सगळे माणसांच्या इच्छेबद्दल बोलताय. बैलाला कोण विचारतं? बारा-पंधरा वर्षं ज्यानं मान दिली त्याला सुरीखाली द्यायचं की नाही, हे मालकानं एकट्यानं ठरवायचं? पोरीला सोडवणारा कायदा चालतो, मग मुक्या जिवाला सोडवणारा का नको? माझ्यासाठी हा प्रश्न धर्माच्या पुढचा आहे.

करवीरकर

दादा, तुमचा मुद्दा मला इथला सगळ्यात जड वाटतो. दोन दिवस डोक्यात होता. पण मग म्हैस आणि रेड्याला ही संपूर्ण कत्तलबंदी का लागू नाही? जीव त्यांनाही आहे, औताला रेडाही जुंपतात. रेघ मुक्या जिवाच्या दुःखावर ओढली असती तर ती गाय-बैलाशी थांबली नसती. ती एका धर्माच्या पूज्य जनावरापाशी थांबते, म्हणून मी तिला धर्माची रेघ म्हणतो.

पन्हाळ्याचा पायथा

बहुसंख्यांच्या भावनेला कायद्यात काहीच जागा नाही, असं म्हणायचंय का? लोकशाहीत लोकांनी निवडून दिलेल्या विधानसभेनंच तो केलाय.

करवीरकर

जागा आहे. पण त्या भावनेचा खर्चही बहुसंख्यांनी उचलावा. म्हातारा बैल सरकारनं विकत घ्यावा, सांभाळावा. मग काकू कशाला तक्रार करतील?

हातकणंगलेकर

रेड्याचं तुमचं खरं आहे. माझं व्रत गायीपाशी थांबत नाही, कायदा थांबतो. तरी बैलापुरता का होईना तो असावा, असंच माझं मत आहे, ते बदललेलं नाही.

काकूंना एक विचारा. माझ्या गोठ्यात एक दावण रिकामी आहे आणि सध्या ऊसतोड चालू असल्यानं वाडं भरपूर आहे. टेम्पो मी पाठवतो.

करवीरकर

विचारतो आज संध्याकाळी. त्याच्या डाव्या मागच्या खुराला जखम आहे, ते आधीच सांगून ठेवतो.