गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद कोणी पाडल्या? एनजीओंनी, की 'चालू ठेवा, बघून घेऊ' म्हणणाऱ्या वकिलांनी?

डिचोलीचा जुना कारकून:
चौदा वर्षं एका खाणीच्या ऑफिसात होतो. कुठल्या ते विचारू नका, मालकाचं मीठ खाल्लंय. माझं काम म्हणजे फायली बांधायच्या आणि पणजीला वकिलाच्या चेंबरात नेऊन टाकायच्या. त्या कामाच्या जोरावर हे लिहितोय. शिव्या घालायच्या तर घाला.

आमच्याकडे खाण बंद म्हटलं की गोवा फाउंडेशन या पर्यावरणवाल्या एनजीओचं नाव निघतं. तिस्कावरच्या चहाच्या गाड्यावर आजही तेच ऐकाल. माझं मत वेगळं आहे. खाणी बंद पडल्या त्या आमच्याच बाजूच्या वकिलांमुळे. ज्या दिवशी 'नाही, आता थांबा' म्हणायचं होतं, त्या दिवशी त्यांनी 'बघून घेऊ' म्हटलं.

कोणती तारीख ते सांगतो. पोर्तुगीजांनी दिलेली कन्सेशनं, म्हणजे खाणीचे परवाने, कायमची होती. आजसुद्धा खाणीची ओळख टीसी नंबरानेच होते, तो त्या काळच्या 'तितुल'चा, म्हणजे कन्सेशनच्या दस्ताचा नंबर. १९८७ च्या कायद्याने ती कन्सेशनं रद्द झाली आणि २० डिसेंबर १९६१ पासून ती लीज होती असं मानलं गेलं. त्या लीजची मुदत संपली २२ नोव्हेंबर १९८७ ला. पुढे वीस वर्षांचं पहिलं नूतनीकरण, ते संपलं २२ नोव्हेंबर २००७ ला. त्यानंतरचं दुसरं नूतनीकरण हे आपोआप मिळायचं नव्हतं. केंद्राच्या खाण-खनिज कायद्याचं कलम ८(३) सांगायचं की खनिज विकासाच्या हिताचं आहे असं सरकारला वाटलं पाहिजे आणि त्याची कारणं लिहिली पाहिजेत. अर्ज गेले, सरकार गप्प बसलं. आमच्या वकीलसाहेबांनी नियम २४अ(६) वर बोट ठेवलं: अर्ज वेळेत केलाय, निकाल येईपर्यंत मुदत वाढलीच समजा. मी स्वतः ऐकलंय. 'समजा' या एका शब्दावर पाच वर्षं टिप्पर धावले.

मग सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला, बेकायदा खाणकामाने ३५,००० कोटींच्या आसपास नुकसान झाल्याचा आकडा आला, खाणकाम थांबलं. २१ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की ती सवलत दुसऱ्या नूतनीकरणाला लागूच होत नाही, आणि २२ नोव्हेंबर २००७ नंतरचं सगळं उत्खनन बेकायदा. कलम ८(३) कोणापासून लपवलेलं होतं का? ज्याने वाचायची फी घेतली त्याने ते वाचलं नाही, किंवा वाचून सांगितलं नाही. मला दुसरं खरं वाटतं.

काळा कोट, पांढरे केस:
कारकूनबाब, निकाल लागल्यावर सगळेच शहाणे होतात. मी या क्षेत्रात बरीच वर्षं आहे, काही खाणमालकांचं काम केलंय, म्हणून अंगाला लागलं.

२००७ नंतर रॉयल्टी कोण घेत होतं? सरकार. मायनिंग प्लॅन कोण मंजूर करत होतं? इंडियन ब्युरो ऑफ माइन्स. ईसी, म्हणजे पर्यावरण मंजुऱ्या, कोणी दिल्या? केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने. एवढी सगळी टेबलं 'चालू आहे' म्हणत असताना एकट्या वकिलाने 'बंद करा' म्हणायचं? आणि म्हटलं असतं तर मालक दुसऱ्या दिवशी शेजारच्या चेंबरात गेला असता.

दुसरं. १३ ऑगस्ट २०१४ ला इथल्याच उच्च न्यायालयाने स्टॅम्प ड्युटी भरलेल्या मालकांची लीज नूतनीकरण करून द्यायला सरकारला सांगितलं. म्हणजे मालकांचा युक्तिवाद न्यायाधीशांनाही पटला होता. मग तो मांडणारा वकील लबाड कसा?

आणि एक सांगतो, लोकांना वाटतं खाणीचा वकील म्हणजे कोर्टात उभा राहणारा. अहो, दहातले नऊ दिवस आम्ही कागदात असतो. प्रदूषण मंडळाची संमती, वनखात्याचा दाखला, डीजीएमएसची (खाण सुरक्षा खात्याची) नोटीस, भाटकाराशी (जमीनमालकाशी) जमिनीवरचे हक्क, एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपला गोव्याचा सात-बारा) कुळाचं नाव. जुन्या तितुलाची हद्द पोर्तुगीजमध्ये लिहिलेली, 'अमक्या ओहोळापासून तमक्या आंब्यापर्यंत'. तो आंबा पन्नास वर्षांपूर्वी पडलेला असतो. हे सगळं जुळवून द्यायला कोणीतरी लागतंच ना?

उसगावचा टिप्परवाला:
दोघेही छान लिहिता. माझे दोन टिप्पर होते. २०१२ साली एकाचे अकरा हप्ते बाकी होते, दुसऱ्याचे सव्वीस. मालकाच्या वकिलाला फी मिळाली, एनजीओच्या वकिलाला नाव मिळालं, मला बँकेची नोटीस मिळाली. सरकारने पुढे कर्जदिलाशाची योजना काढली हे खरं, पण घरात बसून काढलेल्या वर्षांचं काय? गोव्यात खाणबंदीत मंदी न आलेला एकच धंदा आहे, तो तुम्ही वर वाचलाच.

माझा सवाल एनजीओवाल्यांना. चोर पकडा, दंड करा, पण पूर्ण पट्टाच का बंद? तुमच्या वकिलाला 'नियमात चालू ठेवा' म्हणता येत नव्हतं का?

पर्वरी कॉरिडॉर:
टिप्परवाले दादा, २०१४ चा निकाल पूर्ण बंदीचा नव्हता. कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, खनिज विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितलं, आणि लीज कायद्याने द्या म्हटलं. बंदी उठली होती. ती परत आली कशी ते बघा.

खाणी लिलावानेच द्यायच्या, हा केंद्राचा अध्यादेश आला १२ जानेवारी २०१५ ला. तो येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोवा सरकारने नोव्हेंबर २०१४ पासून त्या दिवसापर्यंत ८८ लीज जुन्याच मालकांना नूतनीकरण करून दिल्या. शेवटच्या आठवड्यात तर सह्यांना उसंत नव्हती. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या ८८ रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यापासून परत खाणी बंद. तेव्हा काळे कोटवाले काका, तुम्ही ज्या ऑगस्ट २०१४ च्या आदेशाची ढाल केलीत, त्याच आदेशावर उभं केलेलं घर २०१८ ला पडलं. (मी लॉच्या चौथ्या वर्षाला आहे, चुकलं तर कान धरा.)

डिचोलीचा जुना कारकून:
पोराने माझं काम हलकं केलं. त्याच्या पुढचा अंक तर विनोदीच. २०१८ नंतर युक्तिवाद आला की लीज १९८७ ला दिली असं धरा, नवीन कायद्याने मुदत पन्नास वर्षं, म्हणजे २०३७ पर्यंत आपलीच. अरे, १९८७ च्याच कायद्यात १९६१ लिहिलंय! १९६१ अधिक पन्नास किती, ते बालवाडीतलं पोर सांगेल. २०२१ मध्ये तोही दावा फेटाळला गेला. तोवर तीन वर्षं मालक, सरकार, कामगार सगळे 'दिल्लीहून काहीतरी येईल' म्हणून आभाळाकडे बघत बसले होते. ही आशा विकली कोणी?

काळा कोट साहेब, तुम्ही सगळ्या टेबलांची नावं घेतलीत, एक राहिलं. नियम ३७, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय लीज दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. लीज एकाच्या नावावर, खाण चालवणारा दुसराच, आणि मध्ये 'रेझिंग कॉन्ट्रॅक्ट', म्हणजे माल काढून देण्याचा करार. ती कॉन्ट्रॅक्टं कारकुनाने लिहिली नव्हती, मी फक्त झेरॉक्स काढल्या. शहा आयोगाने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

काळा कोट, पांढरे केस:
नियम ३७ बद्दल मी भांडणार नाही. तिथे आमच्यातल्या काहींनी शब्दांचे खेळ केले, मान्य.

पण २०३७ चं घ्या. अशील म्हणतो 'एवढा मुद्दा मांडाच', मी त्याला सांगतो की यात दम नाही, तरी तो मांडा म्हणतो. मांडणं हा माझा धर्म आहे. लेखी मत मी वेगळं दिलेलं असतं, ते तुम्हाला दिसत नाही. ते मालकाच्या कपाटात बंद असतं. तुम्ही फायली नेत होता, उघडून वाचत होता का?

डिचोलीचा जुना कारकून:
वाचत होतो.

पिळगावची सून:
मालकाचा वकील, सरकारचा वकील, एनजीओचा वकील. आमचा कुठाय?

आमच्याकडे शेतात मातीचा गाळ येतो. पावसाळ्यात खाणीच्या टाकाऊ मातीचा डंप सुटला की पाटातून लाल पाणी येतं आणि भाताच्या मुळावर थर बसतो. तक्रार घेऊन गेलं की म्हणतात, एक-चौदावर नाव कोणाचं? नाव सासऱ्यांच्या भावाचं, तो मुंबईला. झालं, तक्रार तिथेच संपली.

कारकूनबाब, तुम्हाला २२ नोव्हेंबर २००७ महत्त्वाची. मला ईसी देण्याआधीच्या जनसुनावणीची तारीख महत्त्वाची. नोटीस निघाल्यापासून निदान तीस दिवस मिळतात. तेवढ्यात शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल कोणी वाचायचा? सारांश स्थानिक भाषेत देतात, पण त्यात सगळं गोड. आमची विहीर किती मीटरवर, मालाची गाडी कुठल्या रस्त्याने, हे मागच्या नकाशांत असतं. नकाशा वाचायला वकील हवा. तो आम्हाला मिळतो गाडी अडवून पोलीस आल्यावर. २०१७ ला सोनशीच्या ४५ जणांना धुळीविरुद्ध ट्रक अडवले म्हणून अटक झाली. तेव्हा वकील धावले. सहा महिने आधी एखादा धावला असता तर?

शिरगावच्या विहिरी आटल्या ते सगळ्या तालुक्याने बघितलं. डिसेंबर २०२२ ला डिचोली, शिरगाव-मये, मोंत द शिरगाव आणि काले असे पहिले चार ब्लॉक लिलावात गेले. शिरगावात, लईराई देवीच्या गावात, लोकांनी नकाशे बघितले आणि घरं, देवळं हद्दीच्या आत आहेत म्हणून कोर्टापर्यंत जावं लागलं. लिलावाआधी कोणी त्यांच्याजवळ बसून रेघ दाखवली होती का?

उसगावचा टिप्परवाला:
ताई, तुमची गाडी अडवणं मला परवडत नाही, पण रस्ता बदला हे म्हणणं बरोबर आहे. गावातून जायची आम्हालाही हौस नाही. डिझेल जास्त जातं आणि वर शिव्या.

पर्वरी कॉरिडॉर:
ताई, एक उपयोगाची गोष्ट. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायला महिलांना उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जमातीच्या लोकांनाही नाही. म्हणजे केपे-सांगेकडच्या पुष्कळ जणांना हक्काने मिळतो. आणि ईसी दिली गेली तर हरित लवादाकडे अपील तीस दिवसांत करायचं असतं. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस मिळू शकतात, त्यापुढे दार बंद. लोक चौथ्या महिन्यात कागद घेऊन येतात. मी जिथे इंटर्नशिप केली तिथे हे तीनदा बघितलं.

माझं म्हणणं असं की जिल्हा खनिज फाउंडेशनचा पैसा खाणग्रस्तांसाठीच आहे. त्यातून दर खाणपट्ट्याला एक वकील आणि एक सर्व्हेअर का ठेवू नये? सुनावणीच्या आधीच.

काळा कोट, पांढरे केस:
पोरा, त्या खनिज फाउंडेशनच्या डोक्यावर जिल्हाधिकारी. त्याच्या पगारावरचा वकील खाण खात्याविरुद्ध किती जोरात बोलेल? मी त्याला शुभेच्छा देतो.

डिचोलीचा जुना कारकून:
तुमच्या मालकाच्या पगारावर तुम्ही किती जोरात बोललात, तेवढाच बोलेल. तरी असू दे. निदान नकाशा तरी वाचेल.

एका बाबतीत मी मागे हटतो. सगळ्या वकिलांची नावं मी एका ओळीत बसवली, ते चुकलं. नॉर्मा आल्वारिस यांच्यासारख्या वकिलांनी गोव्यात पर्यावरणाचे खटले उभे केले नसते तर २००७ ची तारीख आजही कपाटातच असती. आम्ही तेव्हा ऑफिसात त्यांच्या नावाने बोटं मोडायचो. पगार ज्या हाताने मिळत होता त्याच हाताची बोटं.

पण मूळ मत कायम. नवीन ब्लॉकवाल्यांनी भरमसाट बोली लावून खाणी घेतल्यात. डिचोली ब्लॉकचं काम २०२४ ला सुरूही झालं. आता पहिला 'समजा' कुठे येतो ते मी बघत बसणार. रस्त्यात येईल, डंपमध्ये येईल, नाहीतर हद्दीच्या खांबात.

काळा कोट, पांढरे केस:
हद्दीच्या खांबात. पैज लावतो.

पिळगावची सून:
पैजा नंतर लावा. आमच्या वाड्यावर अहवालाची एक प्रत आलीय, पंचायतीतून झेरॉक्स केली. वाचायला कोण येणार? कोर्टातलं काम नको, नुसतं वाचून सांगा.

पर्वरी कॉरिडॉर:
मी येतो. रविवारी, बसने. एक-चौदाचे उतारे आणि सर्व्हे प्लॅन जमवून ठेवा, सासऱ्यांच्या भावाच्या नावाचेसुद्धा.

काळा कोट, पांढरे केस:
एकटा जाऊ नको. मायनिंग प्लॅनच्या नकाशावरची लीजची रेघ आणि सर्व्हे नंबरची रेघ जुळत नसते, पहिल्यांदा बघणाऱ्याला ते कळत नाही. मीही येतो. माझं नाव मात्र कुठे लिहू नका, एक जुना अशील त्याच ब्लॉकच्या शेजारी आहे.

उसगावचा टिप्परवाला:
गाडी लागली तर सांगा. माझी आहेच उभी.