कोणत्या नाण्याला स्मृतिनाणे म्हणावे?

गिरगावकर :

वडिलांनी आयुष्यभर जमवलेली नाणी लावत असताना एका पत्र्याच्या डब्यावर त्यांच्या अक्षरात 'जुनी स्मृतिनाणी' अशी चिठ्ठी चिकटवलेली दिसली. डबा उघडल्यावर लक्षात आले की या शब्दाचा अर्थ त्यांनी फार सैल ठेवला होता. स्वतंत्र भारताचे पहिले स्मृतिनाणे, म्हणजे १९६४ चा नेहरूंचा रुपया, त्यात आहे आणि १९६९ चे गांधी जन्मशताब्दीचे पिवळे वीस पैसेही आहेत. पण त्यांच्याच शेजारी कमळाचे साधे वीस पैसे, मखमली डबीतले एक चकचकीत प्रूफ नाणे (संग्राहकांसाठी खास पाडलेले) आणि 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असे कोरलेला रामदरबाराचा एक तांब्याचा तुकडाही ठेवलेला आहे.

माझे मत असे आहे की जे नाणे एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ सरकारने पाडले आणि जे खरोखर लोकांच्या हातांतून फिरले, तेच स्मृतिनाणे होय. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे आले, तेव्हा वडिलांना ते बेस्टच्या कंडक्टरने सुट्ट्या पैशांत दिले होते, आणि त्या दिवशी घरी येऊन त्यांनी ते आम्हा सर्वांच्या तळहातावर एकेकदा ठेवले होते. स्मरण समाजात पोहोचते ते असे. २०१० चे बृहदीश्वर मंदिराचे हजार रुपयांचे नाणे किंवा २०२३ चे नव्या संसद भवनाचे ७५ रुपयांचे नाणे कोणी भाजीवाल्याला देत नाही. ते दर्शनी मूल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून विकत घ्यावे लागते आणि कपाटात ठेवावे लागते. त्याला मी पदक म्हणेन, नाणे म्हणणार नाही.

दादरकर वकील :

आपल्या वडिलांची आठवण मनाला भिडली, परंतु त्या आठवणीवर आपण जी व्याख्या उभी केली आहे ती मला मान्य नाही. नाणे अधिनियम, २०११ मध्ये स्मृतिनाण्याची व्याख्या दिलेली आहे. विशिष्ट प्रसंगाच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ सरकारने, किंवा सरकारने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाने, पाडलेले आणि भारतीय चलनात मूल्य दर्शवलेले नाणे म्हणजे स्मृतिनाणे, असा तिचा आशय आहे. ते बाजारात फिरले पाहिजे अशी अट तिथे नाही. पदक आणि नाणे यांतला फरक दर्शनी मूल्याने ठरतो, आणि ७५ रुपयांच्या नाण्यावर ते मूल्य स्पष्ट लिहिलेले आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी आपली कसोटी आपल्याच डब्यात अडकते. गांधी जन्मशताब्दीला २० पैसे, ५० पैसे, एक रुपया आणि दहा रुपये अशी चार नाणी निघाली. त्यांतले दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅम वजनाचे आणि ८० टक्के चांदीचे होते. चांदीचे नाणे हाती आलेला माणूस ते वाण्याकडे खर्च करील, की देवघरात ठेवील? मग एकाच प्रसंगाची, एकाच चेहऱ्याची चार भावंडे असताना तिघांना आपण स्मृतिनाणी म्हणणार आणि चौथ्याला पदक म्हणणार का?

नाणेघाट :

दोघांच्याही कसोट्यांना एक नाणे चकवते. जून २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे बोधचिन्ह असलेली १, २, ५, १० आणि २० रुपयांची नाणी आली. त्यांच्यावर प्रसंग ठसठशीत आहे आणि ती चर्चगेटपासून विरारपर्यंत सगळ्यांच्या खिशात आहेत, म्हणजे गिरगावकरांच्या कसोटीला ती पूर्ण उतरतात. तरीही ही स्मृतिनाणी नसून नेहमीच्या चलनाचा भाग आहेत, असे सरकारने ती काढतानाच सांगितले होते. वकील महोदयांनी इथे सरकारचा शब्द मानला, तर प्रसंगाचे चिन्ह ज्याच्या त्याच्या हाती पोहोचवणारे नाणे यादीबाहेर राहते आणि हजार रुपयांचे कोणीही न पाहिलेले नाणे यादीत येते.

माझ्या मते नाण्यालाच विचारावे, कारण बहुतेक वेळा उत्तर छापातच असते. कमळाच्या वीस पैशांचेच पाहा. १९६८ पासूनचे साधे कमळ हे नेहमीचे नाणे आहे. १९७० च्या नाण्यावर कमळ आहेच, पण त्यासोबत सूर्य आणि 'सब के लिए अनाज' ही अक्षरे आहेत. ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मोहिमेनिमित्त काढलेले नाणे आहे. चित्र जवळपास तेच असले तरी केवळ लेखामुळे, म्हणजे नाण्यावरच्या अक्षरांमुळे, दोघांची जात बदलते. गिरगावकर, भिंग घेऊन आपल्या डब्यातले कमळ पुन्हा पाहाच. कदाचित वडिलांनी ते चुकून ठेवलेले नसेल.

सालांबाबत मात्र सांभाळावे लागते. गांधींच्या नाण्यावर '१८६९-१९४८' एवढेच आहे, पाडल्याचे साल वेगळे दिलेले नाही, त्यामुळे पुष्कळ नवखे संग्राहक ते १९४८ चे नाणे समजतात.

परळची शिक्षिका :

चिठ्ठीतल्या 'जुनी' या शब्दाकडे कोणी लक्ष दिले नाही, म्हणून लिहिते. संस्थानी नाणी या चर्चेत आली पाहिजेत. महाराजा गंगासिंहांच्या कारकिर्दीला ५० वर्षे झाली म्हणून बिकानेरने १९३७ मध्ये रुपया पाडला. तो निःसंशय स्मृतिनाणे आहे. कच्छच्या १९४७ च्या नाण्यावर 'जयहिंद' ही अक्षरे आहेत. तिथे प्रसंगाचे नाव नाही, पण ते साल आणि तो शब्द एकत्र वाचल्यावर दुसरा अर्थ निघतच नाही. म्हणून लेखाची कसोटी मला थोडी अपुरी वाटते. उलट बाजूने, शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याला, स्मृतिनाणे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो, कारण १६७४ च्या राज्याभिषेकाशी ती जोडलेली आहे. मी तसे म्हणणार नाही. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे गतकाळाचे स्मरण करत नाहीत. हे राज्य आता आमचे आहे, अशी ती घोषणा आहे. तिला स्मृतिनाणे म्हणणे म्हणजे तिचे मोल कमी करणे.

रामदरबाराच्या तुकड्याबद्दल कठोर बोलावे लागेल. कंपनीने असे नाणे कधीच काढलेले नाही. त्यावर 'एक आणा' लिहिलेले असले तरी ते देवस्थानी मिळणाऱ्या टाकांसारखे आहे. चोरबाजारात एका विक्रेत्याने असाच तुकडा माझ्या भावाला दोनशे वर्षांपूर्वीचे दुर्मिळ नाणे म्हणून दिला होता आणि पैसे परत मिळाले नाहीत. अशा वस्तूंना मोठी किंमत देऊ म्हणणाऱ्यांपासूनही जपून राहावे. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव वापरून शुल्क मागितले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

गिरगावकर :

काल रात्री भिंग घेऊन बसलो. कमळाच्या वर सूर्य आहे आणि अक्षरेही आहेत. वडिलांवर सैलपणाचा आरोप केला, तो मी मागे घेतो.

चांदीच्या दहा रुपयांबद्दल वकील महोदयांचे म्हणणे मला खोडता येत नाही, त्यामुळे हातांतून फिरण्याची अट मी व्याख्येतून काढतो. पण माझ्या आदरातून ती काढणार नाही. मखमली डबीतल्या प्रूफवर सालाखाली आपल्या मुंबई टांकसाळीचा 'एम' आहे आणि त्यावर एक ओरखडाही नाही; शिवाजी महाराजांच्या दोन रुपयांची कड मात्र झिजली आहे. दोन्ही स्मृतिनाणी आहेत हे मान्य, तरी ती एकाच पानावर लावणार नाही.

दादरकर वकील :

पाने वेगळी ठेवण्यास हरकत नाही. २०२२ च्या नाण्यांबाबत मात्र मी ठाम आहे. ज्याने नाणे पाडले, त्यानेच ते स्मृतिनाणे नाही असे सांगितले असेल, तर संग्राहकाने त्याला ते नाव देऊ नये.

नाणेघाट :

आणि मी ते देणार. पुढच्या पिढीतला कोणी माझा संग्रह उघडेल, तेव्हा त्याच्यापुढे नाणे असेल, सरकारी पत्रक नसेल.

गिरगावकर :

२०२२ चे वीस रुपये मी डब्याच्या झाकणात वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत. पाकिटावर अजून काही लिहिलेले नाही.